खाणीच्या रस्त्यावरची दुसरी चाकोरी

खांदेश्वरला आम्ही राहायला आलो तेव्हा आमच्या बिल्डिंगपाशी शहर संपत होतं. कंपाउंडची भिंत, भिंतीला लागून नाला, आणि नाल्यापलीकडे भातखाचरं. स्टेशनचे खांब उभे राहिले होते, गाडी अजून यायची होती. रस्ते मात्र आधीच आले होते. कोपऱ्यावर सेक्टरची पाटी, दोन्ही बाजूंना बांधलेली गटारं, आणि मध्ये नुसती पसरलेली खडी. डांबर कधी पडणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे रिक्षावाले तिकडे फिरकत नसत. त्याच रस्त्यांवर नवऱ्याने मला सायकल शिकवली.

लग्न झालेल्या बाईने सायकल शिकावी याचं सोसायटीत बरंच हसू झालं. मला त्याची पर्वा नव्हती. आमच्या साताऱ्याकडे मुली सायकल चालवत नव्हत्या असं नाही. आमच्या घरात चालवत नव्हत्या. भावाला सायकल होती. ती पुसायचं काम माझं आणि फिरवायचं त्याचं. मी फडक्याने त्याची घंटी घासत बसायचे आणि मनातल्या मनात त्याच्या टायरला खिळे टोचायचे. ‘हिला कायम दुसऱ्याच्या ताटातलं मोठं दिसतं,’ असं आई म्हणायची, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

नवरा इथलाच, खाडीकाठच्या आगरी घरातला. न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात आम्ही दोघं नोकरीला होतो, तिथेच जमलं. आठवडाभर ऑफिसची बस, ऑफिस, पुन्हा बस, आणि घरी आल्यावर गॅस, दूध, पाण्याची वेळ. बोलणं सगळं कामापुरतं. मला सायकल सरळ चालवता यायला लागली तसं एका रविवारी सकाळी तो म्हणाला, ‘‘चल, तुला एक रस्ता दाखवतो.’’

नाल्यावर सिमेंटचा एक जाड पाईप टाकला होता. त्यावरून सायकली उचलून न्यायच्या, मग खाचरांच्या बांधावरून हातात धरून चालवायच्या, आणि एका कुंपणापाशी तो रस्ता लागायचा. दगडखाणीचा रस्ता. खाण बंद पडून बरीच वर्षं झाली होती. ट्रक दुसऱ्या डोंगराला लागले होते आणि हा रस्ता तसाच मागे राहिला होता. ना मोटार, ना स्कूटर. फार तर एखादी म्हैस आडवी यायची. ट्रकच्या चाकांनी मुरूम दाबून दाबून दोन चाकोऱ्या पडल्या होत्या, अगदी घट्ट आणि गुळगुळीत. मधला पट्टा मात्र सुट्ट्या खडीचा, त्यात गवत माजलेलं. तिथून सायकल घालावी तर चाक घसरून माणूस थेट बाभळीत.

म्हणजे त्या रस्त्याने शेजारी शेजारी जायचं तर दोघांनीच. डाव्या चाकोरीत तो, उजव्या चाकोरीत मी. त्याची काळी, उंच, त्याच्या वडिलांच्या काळातली सायकल. माझी जुन्या बाजारातून आणलेली लाल लेडीज. मध्ये एवढंच अंतर की त्याने हात लांबवला तर माझ्या हँडलला लागावा. आणि त्या रस्त्यावर हा माणूस बोलायला लागायचा! ऑफिसात ज्याच्या तोंडातून बिलांपलीकडे शब्द निघत नसे, तो मला खाचरातला बगळा दाखवायचा, साहेबांच्या नकला करायचा, आपल्याला मुलगी झाली तर नाव काय ठेवायचं, असंही एकदा म्हणाला. घरी, सासरच्या माणसांसमोर, मी त्याला ‘अहो’ म्हणायचे. त्या रस्त्यावर ‘अरे’.

रस्ता डोंगराला वळसा घालून खाणीत शिरायचा. अर्धा डोंगर कापून नेलेला, काळ्या दगडाच्या उंच उंच पायऱ्या, आणि तळाशी हिरवं पाणी. क्रशरच्या पत्र्याची गंजलेली शेड एका बाजूला कललेली. न उचललेल्या खडीचा ढीग होता, त्यावर बाभळी उगवल्या होत्या. त्या ढिगावर बसून आम्ही डब्यातले पोहे खायचो. पलीकडे झाडांत काही कौलं दिसायची, त्यातलं एक सासऱ्यांचं घर. खाणीच्या धुळीने त्यांची छाती भरून यायला लागली तेव्हा ते घर बंद करून ते उरणकडे थोरल्या मुलाकडे राहायला गेले होते. नवरा त्या कौलांकडे बघत पोहे खायचा आणि गप्प असायचा. मलाही ते गप्प बसणं आवडायचं, कारण ते माझ्याबरोबरचं होतं.

आणि मग दिवाळीनंतर माझी नणंद आली.

तिला नवीन पनवेलला कॉम्प्युटरचा क्लास लावायचा होता, उरणहून रोजचं येणं-जाणं जमेना, म्हणून ती आमच्याकडे राहणार होती. मी आनंदाने हो म्हटलं. खरंच आनंदाने. पोरगी गुणी होती, घरात पाय ठेवल्यावर पंधरा मिनिटांत तिने मासे साफ करायला घेतले. पण टेम्पोतून तिच्या ट्रंकेमागोमाग तिची सायकल उतरली, दांडा असलेली, पुरुषांची, आणि मी लगेच ती माझ्या लाल लेडीजशेजारी लावून उंची पाहिली.

पहिल्या रविवारी बांध ओलांडून आम्ही खाणीच्या रस्त्याला लागलो. मी अजून पेडलवर पाय शोधत होते तेवढ्यात तिने ओढणी कमरेला बांधली, टांग टाकली आणि सरळ उजव्या चाकोरीत शिरली. कुणाच्या जागेवर आपण बसतोय असं तिच्या मनातही आलं नसेल. तेच तर मला झोंबलं. भांडायला आली असती तर मी भांडले असते.

‘‘दादूस, तो बांध आठवतं कं तुना?’’

‘‘कंचा गं बाये?’’

‘‘चिंबोऱ्या धरत होतो तो! तुजं बोट धरलेलान!’’

‘‘माजं नाय, तुजं. रडत घरी गेलेलीस.’’

आणि दोघं हसायला लागली. तो असा हसतो हे मला माहीत नव्हतं. डोकं मागे टाकून, खिंकाळल्यासारखा. माझ्याशी तो कायम ऑफिसातली मराठी बोलायचा, ‘नाही’ म्हणायचा, ‘कोण’ म्हणायचा. तिच्याशी बोलताना त्याचा आवाजसुद्धा बदलला, सैल झाला. मी मागे. त्यांच्या चाकांची धूळ माझ्या नाकातोंडात, मधूनच एखादा खडा उडून माझ्या नडगीला. मला त्या खेकड्याचाही हेवा वाटला.

पुढच्या रविवारी मी लवकर उठले, सायकल आधी बाहेर काढली, आणि रस्ता लागताच उजव्या चाकोरीत जाऊन बसले. ‘‘वयनी, तुमी व्हा फुडं,’’ ती म्हणाली आणि मागे राहिली. पण माझा वेग तो काय! थोड्या वेळाने नवरा दोन सायकली पुढे गेलेला, माझा श्वास लागलेला, आणि ती मधल्या खडीवरून, हो, त्या सुट्ट्या खडीवरून, हँडल न हलवता मला ओलांडून गेली आणि माझ्यापुढे चाकोरीत उतरली. पुन्हा त्यांचं सुरू. कुठल्या मावशीचं लग्न, कुठल्या बोकडाने कुणाला पाडलं. मला त्यातलं एक माणूस माहीत नाही, एक बोकड माहीत नाही.

मी रात्री नवऱ्याला म्हटलं, ‘‘तुझी बहीण सायकल जरा जास्तच जोरात चालवते नाही?’’

‘‘लहानपणापासून चालवते ती,’’ तो कौतुकाने म्हणाला आणि कूस बदलून झोपला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी मी भाजीत तिखट जास्त टाकलं. ती दोघं मिटक्या मारत जेवली आणि ठसका मलाच लागला.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त छळलं ते त्या वळणाने. रस्ता डोंगराला वळसा घालतो तिथे एक काटेसावरीचं झाड होतं. तिथे आलं की ती दोघं थांबायची. न ठरवता, न बोलता, एकदम. एक एक पाय जमिनीवर. हसणं-खिदळणं बंद. तिची मान थोडी खाली जायची, आणि तो हात लांबवून तिच्या कानाच्या बाजूला, केसांवर, नुसता ठेवायचा. क्षणभर. मग पुन्हा टांग टाकून पुढे. मी मागून येऊन पोचेपर्यंत ती निघालेली असायची. दर रविवारी हेच.

मी विचारलं. तो म्हणाला, ‘‘कुठे थांबतो? थांबलो असेन, दम लागला असेल.’’

दम! ज्याला खाडीपासून डोंगरापर्यंत धावत गेलं तरी घाम फुटत नाही त्याला! मला वाटलं, हा माझ्यापासून काहीतरी लपवतोय. भावाबहिणीचं काहीतरी गुपित आहे, लहानपणचा एखादा नवस असेल, शपथ असेल, आणि मला त्यात घ्यायचं नाही. आठवडाभर ऑफिसात इनव्हॉइस टाइप करताना माझ्या डोळ्यांसमोर तो हात यायचा. माझ्या डोक्यावर त्याने असा हात कधी ठेवला नव्हता. ठेवला असता तर काय झालं असतं, असं मी स्वतःला विचारत बसायचे आणि आणखी चिडायचे.

मग एका रविवारी त्याला बंदरावर जावं लागलं. जहाज आलेलं, कागद अडकलेले, साहेबाचा फोन शेजाऱ्यांकडे. मी म्हटलं चला, आज सुटका, झोपू या. उठून बघते तर नणंदबाईंनी दोन्ही सायकलींत हवा भरून ठेवलेली, माझ्या लाल सायकलची चेन तेल घालून पुसलेली.

‘‘चलतासा ना वयनी?’’

नाही कसं म्हणणार! गेलो. त्या दिवशी डाव्या चाकोरीत ती आणि उजव्या चाकोरीत मी. माझी जागा मला मिळाली होती आणि तिच्याशी बोलायला माझ्याकडे काही नव्हतं. मी तिच्या क्लासचं विचारलं, तिने सांगितलं. तिने साताऱ्याच्या थंडीचं विचारलं, मी सांगितलं. मग नुसता टायरखालच्या मुरमाचा आवाज. माझ्यासाठी ती हळू चालवत होती, हे मला कळत होतं आणि तेही आवडत नव्हतं.

वळण आलं. ती थांबली. मी थांबले नाही, पुढे गेले, मग ब्रेक लावून वळून पाहिलं. ती एकटीच काटेसावरीखाली पाय टेकून उभी होती, मान खाली घालून. तिच्याजवळ कुणीही नव्हतं.

‘‘काय झालं गं?’’

ती ओशाळली. ‘‘काय नाय वयनी. पाय थांबतान.’’

मी सायकल वळवून तिच्याकडे गेले. मला त्या दिवशी ते थांबणं काय आहे ते कळायलाच हवं होतं. मग तिने सांगितलं.

‘‘खान चालू व्हती ना, तवा हितंच थांबाय लागं. सालंला जाताना, पाटी-दप्तर घेऊन. बार उडवायच्या आदी तो बावटेवाला हितं उभा राहे, लाल बावटा घेऊन. ‘बार हाय, बार!’ असा वरडं. मंग कोनी फुडं जावाचा नाय. दगड उडून येत ना वरशी. आमी पाटी डोक्यावर धरून उभी राहू. माजं दोनी हात पाटीला. मंग कान कोन झाकील? दादूस एक हातान त्याची पाटी धरं, नं एक हातान माजा कान दाबं. दुसरा कान त्याच्या पोटाला.’’

ती हसली. ‘‘खान बंद झाली कवाच. बावटेवाला पन मेला. पन हितं आलं का पाय आपोआप खाली. दादूसला पन ठावं नाय, तो थांबतं ते.’’

म्हणजे त्याने माझ्यापासून काही लपवलं नव्हतं. बंद खाणीत, उडणार नसलेल्या सुरुंगासाठी, ही दोघं दर रविवारी थांबत होती आणि त्यांना स्वतःला ते धड माहीतही नव्हतं. मला हसू यायला हवं होतं. मला आणखी हेवा वाटला. गुपित असतं तर कधीतरी ते मला कुणी सांगितलं असतं. हे सांगण्यासारखं नव्हतंच, ते त्यांच्या पायांत होतं, आणि मी त्या वेळी साताऱ्यात कुणाची तरी घंटी घासत बसले होते. माझे कान कुणी झाकून धरल्याचं मला आठवेना.

आम्ही खाणीत गेलो नाही. तिथेच सावरीखाली बसलो. तिने पिशवीतून बोरं काढली, मला दिली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘वयनी, राग नका मानू. एक बोलू?’’

‘‘बोल.’’

‘‘तुमी आल्यापासून दादूस आमच्यातला नाय राहिला. वाईट नाय बोलत तुमाला. पन घरान तो तुमच्यासारका बोलतं. आईशी पन. उरनला आला का खुर्चीवर बसतं पावन्यासारका. आई मागं रडली. मी हितं क्लासला आली ना, ते क्लाससाटी नाय. क्लास उरनला पन हाय. ह्या रस्त्याला आला का तेवडा एकच टाईम तो माजा दादूस व्हतं. मंग परत गेला का हायच तुमचा.’’

मी बोर तोंडात धरून बसून राहिले. एवढे दिवस मी तिची पाठ बघत कुढत होते आणि ती माझ्या घरात, माझ्या स्वयंपाकघरात, रोज माझ्याकडे बघून तेच करत होती. सोमवार ते शनिवार. माझा तर एकच वार होता.

तिला जवळ घ्यावं असं मला वाटलं नाही. कुणी अशी गोष्ट सांगितल्यावर माणसाला जे वाटायला हवं ते मला पुष्कळदा उशिरा वाटतं. मला एवढंच वाटलं की हिने हे सांगायला नको होतं. आता मला तिच्यावर नीट चिडताही येणार नव्हतं.

त्यानंतरही रविवार तसेच गेले. मी मागे राहायचे, ती पुढे. मी जागेसाठी भांडले नाही, पण मनाने ती सोडलीही नाही. ती दोघं वळणावर थांबली की मीही मागे थांबायचे आणि त्या हाताकडे बघायचे. नवऱ्याला मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो थांबायचा बंद झाला असता, किंवा मुद्दाम थांबायला लागला असता. दोन्ही वाईटच.

वैशाखात तिचं लग्न झालं. अलिबागकडचं स्थळ, मुलगा चांगला. हळदीला धवलारीण आली, रात्रभर तिची गाणी चालली, आणि नवरा मांडवाच्या खांबाला टेकून लहान मुलासारखा रडला. मीही रडले. रडताना मला आतून हलकं हलकं वाटत होतं, आणि शेजारची एक म्हातारी माझी पाठ थोपटत म्हणाली, ‘‘नंदेवर किती जीव गं!’’ मी डोळे पुसले.

पावसाळा संपल्यावर आम्ही पुन्हा खाणीच्या रस्त्याला लागलो. दोघंच. उजवी चाकोरी माझी. मी पुन्हा ‘अरे’ म्हणायला लागले. तो पहिल्यासारखाच बोलायचा, बगळे दाखवायचा, साहेबांच्या नकला करायचा, आणि मी मोठमोठ्याने हसायचे. माझा वेगही वाढला होता. सावरीपाशी तो थांबायचा, मी त्याच्या शेजारी थांबायचे. त्याचे दोन्ही हात हँडलवर असायचे. मी मान खाली घालून पाहिली एकदा. तो म्हणाला, ‘‘चेन उतरली का?’’

भाऊबिजेला ती आली. थोडी भरली होती, गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरवा चुडा. तिची सायकल आमच्याच जिन्याखाली पडून होती. नवऱ्याने आदल्या दिवशी ती धुऊन, हवा भरून ठेवली. सकाळी आम्ही तिघं निघालो. पाईप ओलांडताना तिने सवयीने माझी सायकल उचलून पलीकडे ठेवली. रस्ता लागला. नवरा डावीकडे शिरला, मी उजवीकडे. मी काही ठरवून केलं नाही. तेवढ्या रविवारांत पाय तसेच वळायला लागले होते.

ती थोडा वेळ मधल्या खडीवरून आमच्या बरोबरीने आली. पहिल्यासारखीच, हँडल न हलवता. मला वाटलं, आता ही मला ओलांडणार, आणि माझे पाय आपोआप जोरात फिरायला लागले. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं. बोरं खाल्ली होती तिने माझ्याबरोबर, तिला न कळायला काय झालं!

‘‘वयनी, तुमी चला फुडं,’’ ती म्हणाली. ‘‘मी येतंय मागशी.’’

आणि ती मागे राहिली.

नवरा मान वळवून ओरडला, ‘‘बाये, येतंस कं?’’ मागून ‘हाव’ आलं. मग तो माझ्याकडे वळला आणि आमच्या मराठीत सोमवारी येणाऱ्या जहाजाचं काहीतरी सांगायला लागला. मी ‘हो ना’ म्हणत होते. पण माझं लक्ष सगळं मागच्या चाकाच्या आवाजाकडे होतं. तिला आत्ता काय दिसतंय ते मला अगदी पाठ होतं: त्याचा कॅरिअर, माझी ओढणी, आमच्या दोघांची एकमेकांकडे वळलेली डोकी, आणि वर धूळ. तोंडात कशी खारट लागते ती धूळ तेही मला माहीत होतं. मला फक्त ब्रेक दाबायचा होता आणि ‘ये गं, तू ये इथे’ एवढं म्हणायचं होतं.

मागचा आवाज हळूहळू कमी होत गेला.

‘‘ती फारच मागे पडली,’’ नवरा म्हणाला. ‘‘थांबू या का जरा?’’

‘‘येईल ती,’’ मी म्हटलं. ‘‘तिच्या पायाखालचा रस्ता आहे.’’